एवाल्डने हलवलेला सेन्सर

१९ मे
तापमानाचा काटा पुन्हा लालात! चर्चपासून नदीपर्यंत माणसाच्या चालीने ट्रक चालवून पाहिला — जेमतेम दीड किलोमीटर — आणि खालून कूलंटच्या हिरव्या पाण्याची धार. नऊ जूनला तर असंच रांगायचं आहे! यल्व्हाचा वर्ग शाळा पास होऊन बाहेर पडणार, रिवाजाप्रमाणे एकवीस पोरं पांढऱ्या टोप्या घालून ट्रकच्या हौद्यात उभी राहणार, गावभर मिरवणार. "ट्रक माझ्या आजीचा," असं तिने वर्षभर आधीच सांगून ठेवलंय. पाच तारखेपर्यंत मी हो म्हटलं नाही, तर ते उमेओ शहरातून भाड्याचा आणणार. माझी नात परक्याच्या हौद्यात? बघतेच!

२१ मे
दोन्ही पाइप बदलले. वरचा निमूट निघाला. खालच्याची क्लिप गंजून बसलेली, करवतीने कापली — आणि उरलेलं हिरवं पाणी सगळं माझ्या बाहीत! एकतीस वर्षांचा ट्रक, पाइपही तेव्हाचेच. दाबला की शिळ्या पावासारखा तुटायचा. बादली काळी, मी काळी, पण गळती बंद.

२२ मे
गळती बंद, काटा लालातच. सकाळी गार इंजिन, वर हात ठेवला तरी चालतोय, आणि काटा म्हणतो उकळलंय! म्हणजे काटाच खोटारडा. सेन्सर गेला असणार.
ट्रकच्या पुस्तकात लिहिलंय — थर्मोस्टॅटच्या घरावर, डावीकडे. तिथे पाहिलं तर नुसतं बूच! सेन्सरचा पत्ता नाही. आरसा, टॉर्च, दोन तास. मान धरली.
कुणाचे उद्योग ते कळलं. सोळा वर्षांपूर्वी हे इंजिन एवाल्डने उघडलं होतं. माझा थोरला भाऊ. आणि एल्क हरणाच्या त्या शिकारीपासून दोन वर्षं आमचं बोलणं बंद आहे. एक जनावर, दोघांच्या गोळ्या, आणि शिंगं मात्र त्याच्या गॅरेजच्या दारावर!

२४ मे
यल्व्हाला म्हटलं, "तूच विचार ना त्याला." म्हणाली, "आजी, तुला तोंड नाहीये का?"
कुणावर गेलीय ही पोरगी!

२५ मे
केला फोन.
"मी बोलतेय."
तिकडे त्याने रेडिओ बंद केला.
"सेन्सर कुठे घातलास?"
त्याने श्वास सुर्रकन आत ओढला. आमच्या उत्तरेकडचा होकार! अरे, मी 'कुठे' विचारतेय, हो काय म्हणतोस?
मग म्हणाला, "इंजिनच्या हेडच्या मागे. जुन्या जागेचे आटे गेले होते."
"मग सांगायचं नाही?"
"तू विचारलं नाहीस."
सोळा वर्षं! ठेवला फोन. पण आवाज ऐकून बरं वाटलं. हे मी फक्त इथेच लिहीन.

२९ मे
सापडला. डोळ्यांना दिसतच नाही, बोटांनीच शोधायचा. वायर भाजून चुरा झालेली. नवा सेन्सर, नवी वायर. चर्च ते नदी दोनदा रांगत गेले. काटा मधोमध! एकटीच केबिनमध्ये टाळ्या वाजवल्या.

४ जून
वर्गाचे हेन्रिक सर — हौद्यात पोरांवर लक्ष ठेवायला तेच उभे राहणार — त्यांना फोन करून सांगितलं: ट्रक तयार. उमेओवाल्याला नाही कळवून टाका. एक दिवस आधी! ऐट बघा माझी.

८ जून
सगळी पोरं सकाळी भूर्जाच्या फांद्या घेऊन आली. हौदा हिरवागार केला, फलक बांधला. समोरून ट्रक बोडका दिसत होता म्हणून तिथेही मी चांगल्या दाट फांद्या बांधल्या. मग एक चक्कर मारली — काटा लालात! या वेळी खरोखर. इंजिनला हात लाववेना.
भाड्याचा ट्रक तर मीच घालवलेला. यल्व्हा फोन घेऊन घरामागे गेली.
तासाभराने एवाल्डची गाडी दारात. कुणी बोलावलं कोण जाणे. मी तर नाही! लंगडत आला — गुडघ्याची वाटी बदललीय म्हणे, मला माहीतही नाही — आणि समोर उभा राहून बघत राहिला.
"मायकेन, रेडिएटरला वारा कुठून मिळायचा?"
"म्हणजे?"
"अख्खं जंगल बांधलंयस त्याच्या तोंडावर."
चाळीस वर्षं ट्रक चालवतेय मी! हसून हसून पोरं जमिनीवर लोळली. एवाल्डसुद्धा. मग मीही. फांद्या बाजूला बांधल्या, पुन्हा चक्कर — काटा मधोमध. कॉफी प्यायलो, दालचिनीचे बन खाल्ले. शिंगांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

९ जून
सकाळीच हेन्रिक सरांची पाठ धरली. हौद्यात न प्यायलेला एक मोठा माणूस हवाच, नाहीतर पोलीस जाऊ देत नाहीत. एवाल्डला गुडघ्याने वर चढता येईना. "चावी इकडे दे," म्हणाला. ट्रक त्याने चालवला. मी नववीनंतर शाळा सोडून लाकडाच्या गिरणीत लागलेली बाई — मी वर, पोरांत! नदीपाशी यल्व्हाने स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, आणि एकवीस पोरं माझं नाव घेऊन ओरडली. अंगभर बिअर उडालीय, घसा बसलाय. आज काटा कुठे होता, ते एवाल्डला विचारायला हवं.