यंदा ईदला काही आणू नका

१२ जानेवारी १९९७. इफ्तारनंतर.
ठरलं म्हणजे ठरलं. यंदाची ईद माझी.
दर ईदला तेच. माझी बायको नाझिया हिची आई, म्हणजे करिमुन्निसा खाला, पेणच्या पुढच्या गावाहून एसटीने येणार. सोबत तूप, अंडी, नारळ, वाल. आणि नेरूळच्या माझ्या फ्लॅटमध्ये, माझ्याच खुर्च्यांवर बसून पाहुणे म्हणणार, खालांच्या तुपाचा शीरखुर्मा म्हणजे काय विचारता! गेल्या वर्षी तर माझ्या साहेबांनी जाताना आभार खालांचे मानले. आमंत्रण मी दिलं होतं. मी काय तिथे वेटर होतो?
एसटीडी बूथवरून खालांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. निरोप ठेवला: यंदा ईदला जरूर या, पण काही आणू नका. एकदम पोलाइटली. सगळं मी आणणार, तेही डायरेक्ट फार्मवरून. पनवेलच्या पुढे हायवेला अशी दुकानं निघालीत. लोकांना द्यायच्या टोपल्यासुद्धा तिथूनच.
नाझियाला सांगितलं. ती काहीच बोलली नाही. म्हणजे पटलं.

१५ जानेवारी.
खालांचा उलटा निरोप. यंदा येणं जमायचं नाही, कोंबडी अंड्यांवर बसलीय.
ही काय सबब झाली? अंड्यांवर कोंबडी बसलीय, खाला नव्हे.
नाझिया भांडी आपटत म्हणाली, आमच्यात आई लेकीच्या घरी रिकाम्या हातांनी येत नाही, एवढंही कळत नाही का तुम्हाला? काही आणू नका म्हणजे येऊ नका असंच झालं. मी म्हणालो, जमाना बदललाय. ती म्हणाली, मग ईदला बसा तुमच्या जमान्याला मांडीवर घेऊन. आमची अफिफा सात वर्षांची, ती रडायला लागली. नानी नाही तर ईदचे नवे कपडे घालणार नाही म्हणे.
मी बधणार नाही. माझं सामान बघायला खाला आपण होऊन येतील.

१९ जानेवारी. रविवार.
फार्म नंबर एक. स्कूटरवरून गेलो. बोर्डावर हसणारी गाय. रोजा असल्यामुळे काही चाखता येईना, म्हणून नजरेने पारखलं. नजर माझी तेज आहे. त्यात भर दुपारची वेळ, पोटात कावळे ओरडत होते, जे दिसेल ते चांगलंच दिसत होतं. पेरू, गाजरं, मध, दोन भोपळे. शीरखुर्म्यात भोपळा जात नाही हे नाझियाने घरी आल्यावर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?
पोतं रिकामं केलं तर तळाशी वाशीच्या मार्केटमधल्या एका गाळ्याची चिठ्ठी. म्हणजे माल वाशीहून पनवेलच्या पुढे गेला आणि मी तो पेट्रोल जाळून परत आणला. नाझिया हसलीसुद्धा नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.
तरी चार दिवस फार्मची हवा लागलीच ना मालाला. फरक पडतो.
सोसायटीचे सेक्रेटरी शहाजीराव यांना पेरूंची टोपली देऊन टाकली. ईदची भेट, अ‍ॅडव्हान्समध्ये.

२० जानेवारी.
शहाजीराव टोपली परत देऊन गेले. पेरूत अळ्या. म्हणाले, राग मानू नका फजलभाई, पण आमच्या घरी माळ आहे, नॉनव्हेज चालत नाही.
माणसाला भेट घेण्याचीही अक्कल लागते.

२६ जानेवारी.
फार्म नंबर दोन. उलव्याच्या बाजूला. या वेळी फसणं शक्यच नाही: जिवंत गावठी कोंबडा घेतला. कोंबड्याच्या तळाशी चिठ्ठी नसते. बाल्कनीत बांधलाय. रुबाबदार आहे. माझ्याकडे एका डोळ्याने बघतो.

२७ जानेवारी.
कोंबडा सेहरीच्या कितीतरी आधी आरवला. अख्खी बिल्डिंग उठली. शहाजीरावांनी खाली नोटीस लावली, सोसायटीत प्राणी पाळू नयेत. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, हा पाळलेला नाही, टेम्पररी आहे. कोणाच्या बापाला घाबरत नाही.

२९ जानेवारी.
दोरी आहे, कोंबडा नाही. शेजारच्या सारसोळे गावची वेणूबाई मासे घेऊन आली, ती म्हणाली, तुमचा कोंबरा आमचे गावान हाय, कोंबऱ्यांमदी रमलाय, आता तो काय येवाचा नाय.
नाझिया म्हणाली, बघा, तोसुद्धा आपल्या माणसांत गेला. एवढंच बोलून आत गेली. इफ्तारला मी दोन खजूर जास्त खाल्ले. मुद्दाम.

२ फेब्रुवारी.
जिंकलो!
फार्म नंबर तीन. पेण रोडवर. मालक डोक्यावर हॅट घालतो. आणि तूप! काचेच्या जुन्या बाटल्यांत, तोंडाला फुलाफुलांचं कापड बांधलेलं. नुसता वास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू? अंडी भाताच्या पेंढ्यात, एकेक वेगळं बांधलेलं. नारळ, वाल, सगळं अव्वल. हॅटवाला म्हणाला, इथल्याच गावातली एक म्हातारी देते, गेल्याच महिन्यात पहिल्यांदा आली, आधी कधी विकत नव्हती. मी म्हणालो, अशा माणसांना कोणीतरी पारखी भेटावा लागतो. होतं नव्हतं ते सगळं उचललं.
घरी आलो तर नाझिया बाटली हातात घेऊन मटकन खाली बसली. कितीतरी वेळ त्या कापडावरून बोट फिरवत होती. पॅकिंग फार आवडलेलं दिसलं. अफिफा ओरडली, अब्बा, हा माझ्या जुन्या फ्रॉकचा कपडा! मी समजावलं, बाळा, असे फ्रॉक हजार मुलींचे असतात. मुलांना सगळं आपलंच वाटतं.
नाझिया चपला घालून तडक बूथवर गेली. आली ती हसतच. खाला येताहेत ईदला!
माझ्या खरेदीची कीर्ती पेणच्या पुढे पोचली तर. कोंबडीचं काय झालं विचारलं. नाझिया म्हणाली, उठली.

९ फेब्रुवारी. चाँदरात.
खाला आल्या. हातात फक्त पर्स. अफिफा त्यांना चिकटली ती सुटेना. खाला दारातच नाझियाला म्हणाल्या, सामान पुढे आलंय, आता मला यायला काय हरकत? कसलं सामान? वय झालं त्यांचं.
मी त्यांना चांगलं तूप कसं ओळखायचं ते शिकवलं. रवाळ हवं, कढवताना जरा घाई झाली की वास जातो वगैरे. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. नाझियाला मध्येच जोराचा खोकला आला आणि ती किचनमध्ये पळाली.

१० फेब्रुवारी. ईद.
साहेब म्हणाले, शीरखुर्मा नेहमीसारखाच फर्स्टक्लास. नेहमीसारखा? मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, यंदाचं तूप माझं. खालांच्या तुपाला मी नावं ठेवत नाही, पण ह्याची बातच वेगळी. सगळे खालांकडे बघायला लागले. खाला म्हणाल्या, खरंय, पारख लागते.
जाहीर कबुली! इतक्या वर्षांनी!

११ फेब्रुवारी.
खाला निघाल्या. पर्स उचलली आणि म्हणाल्या, रिकाम्या बाटल्या तेवढ्या द्या. मी विचारलं, कशाला? म्हणाल्या, माझ्याच आहेत.
अफिफा म्हणाली, मी सांगितलं होतं.
खाला रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या रागावल्याच नाहीत. म्हणाल्या, दोन महिने साय साठवत होते तुमच्या ईदसाठी. निरोप आला तेव्हा तूप कढवून झालं होतं. घरात डोळ्यांसमोर ठेवलं की रडू यायचं, म्हणून त्या हॅटवाल्याला देऊन टाकलं.
नाझिया बघत होती. शेवटी म्हणालो, एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. तीन फार्म पालथे घातले आणि सगळ्यांत बेस्ट होतं तेच मी उचललं. माझी नजर चुकली नाही. खाला म्हणाल्या, नाही चुकली, बाबा.
बाटल्या मीच धुतल्या. पुसून पेपरात गुंडाळल्या. स्टॉपपर्यंत पिशवी मीच धरली. एसटी आली तेव्हा खालांनी विचारलं, बकरी ईदला काही आणू की नको, आताच सांगून ठेवा.
मी कडक शब्दांत बजावलं, हॅटवाल्याला यापुढे एक थेंबसुद्धा द्यायचा नाही. याबाबतीत मी कोणाचंही ऐकणार नाही.