उजव्या कानाची खूण

अप्पा, तुमच्या त्या सिंहांविषयी मला एकदाचं बोलायचंय. तुम्ही होतात तोवर ते जमलं नाही. आमच्या घरात सिंहांबद्दल बोलायचा मान तुमचा एकट्याचा, तोही पत्रातून, आणि आम्ही मैलापूरच्या घराच्या दारातल्या ओट्यावर, तिण्णैवर, बसून ऐकायचं. आई वाचायची, मावशी तांदूळ निवडायची, धाकटी बहीण आणि मी भिंतीला टेकून बसायचो. गिंडीच्या कारखान्यात नकाशे काढणारा माणूस आफ्रिकेत टांगानिकाला जातो काय, तिथल्या राखीव जंगलाचे नकाशे काढता काढता सिंहांचे कान काढायला लागतो काय! दोन वर्षांत येतो म्हणून गेलात, आणि पुढं दर पत्रात एक वर्ष वाढत गेलं.

तुम्ही लिहायचात, सिंह आयाळीवरून ओळखू नये, आयाळ बदलते. कान बघावा. भांडणात कानाला चीर पडली की ती जन्मभर राहते. पहाटे गाडी काढायची, ओढ्याकाठच्या ओल्या मातीत पावलं शोधायची, गिधाडं कुठं उतरतात तिकडं जायचं, आणि कळप दिसला की दुर्बिणीतून आधी कान. कळपातल्या सिंहिणी सगळ्या एकमेकींच्या बहिणी, मावश्या, भाच्या. त्याच शिकार करतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, जन्मभर त्याच रानात राहतात. नर बाहेरून येतात, दोघं-तिघं भाऊ मिळून. आधीच्या नरांना हुसकतात, त्यांची पिल्लं मारून टाकतात, काही दिवस राज्य करतात, आणि आणखी कोणी दांडगे आले की चालते होतात. हे ऐकून मावशीनं सूप खाली ठेवलं. ती नवऱ्यानं टाकलेली, कायमची आमच्याकडेच. म्हणाली, "अय्यो अक्का, हे बघायला इतक्या लांब जायला पाहिजे होतं काय की? या तिण्णैवर बसून दिसलं असतं!" आई इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. तो तिनं बराच वेळ काढला नाही. हे तुम्हाला कोणी लिहून कळवलं नसेल.

तुमच्या त्या दोन भावांची नावं तुम्ही ठेवलीत थोरला आणि धाकटा. तिथल्या तुमच्या गोऱ्या साहेबाला म्हणे उच्चारता येत नव्हती, पण तुम्ही हट्टानं तीच ठेवलीत. आईनं ते पत्र वाचलं तेव्हा धाकटीनं माझ्याकडं बघितलं. थोरली, धाकटी या घरात हाका मारायच्या त्या आम्हाला, आणि त्याच हाका तुम्ही तिकडं नेऊन जनावरांना देऊन टाकल्यात. मला राग आला होता, अप्पा. अजून येतो.

माझ्या कानाचं तुम्हाला आठवत असणारच, कारण तो तुमच्याच हातून फाटला. मी तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हते. मद्रासच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाच्या पिंजऱ्यासमोर तुम्ही मला उचलून धरलंय, जवळून दिसावा म्हणून अगदी जाळीला लावलंय, आणि तो म्हातारा सिंह एकाएकी गरजतो. तुम्ही दचकून मला मागं ओढता. माझ्या उजव्या कानातली बाळी जाळीत अडकलेली. बाळी तिथंच राहिली आणि कानाची पाळी खालपर्यंत चिरली. घरी आईनं तुम्हाला नाही नाही ते सुनावलं, आणि तुम्ही म्हणालात, "सोडलं तर नाही ना मी तिला! धरूनच होतो." तेवढंच खरं. त्या दिवशी सोडलं नव्हतंत.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी सगळं पसंत केलं, फक्त कानाकडं बोट दाखवलं. आपल्या तंजावरकडच्या लोकांत नवरीला जड झुमके घालायची रीत, फाटक्या पाळीत ते राहणार कसे? मग मावशी मला इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरांनी कान शिवला, तो भरून आला, पुन्हा टोचला. आईनं ते तुम्हाला कळवलं नाही. लग्नाला येतो एवढं तुम्ही लिहिलं होतंत, त्याच आनंदात ती होती. माझं तर काय विचारता! रोज आरशात बघून मनाशी म्हणायची, अप्पा आता मला बघून काय म्हणतील.

सेंट्रल स्टेशन. मुंबईहून येणारी मेल फलाटाला लागतेय. मी माझी निळी कांचीपुरम नेसलेय, केसांत मल्लीचा गजरा, आईच्या पुढं उभी. तुम्ही उतरता. काळे झालाय, वाळलाय, टोपी साहेबासारखी. तुम्ही सरळ माझ्याकडं येता, आणि माझ्या तोंडाकडं न बघता मान किंचित वाकडी करून माझा उजवा कान बघता. मग हसता आणि माझ्या गालाला हात लावून म्हणता, "काय गं धाकटे, केवढी झालीस! नवरी कुठंय?"

आई म्हणाली, "हीच नवरी." तिचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता. तुम्ही पुन्हा कान बघितलात, जवळून, बोटानं पाळी दुमडून बघितलीत. आणि काय म्हणालात, अप्पा? चुकलं म्हणालात? नाही. मला रागावलात. "शिवलास की काय? वेडी की काय तू! ओळखायची खूण होती ती, का घालवलीस?" हमाल ट्रंक डोक्यावर घेऊन उभा होता आणि तुम्ही मला भर फलाटावर झापत होतात. सिंहीण असते तर एक पंजा मारला असता.

लग्नात तुम्ही झकास होतात. कन्यादानाचं पाणी सोडलंत, आणि मग पंगतीत सुटलात. माग कसा काढायचा, वारा कुठून हवा, सगळं. वरपक्षाची मंडळी रसम पानावरून वाहून जाईपर्यंत ऐकत राहिली. तुम्ही माझ्याकडं बोट करून सांगितलंत, "थोरल्याचा उजवा कान अस्साच फाटलेला होता, हिचा होता तसा. म्हणून तर तो थोरला!" लोक हसले, वा वा म्हणाले. म्हणजे माझ्यावरून नाव दिलं होतंत तुम्ही त्याला. मला क्षणभर इतकं बरं वाटलं, की त्याचीच मला जास्त चीड येते. रोज त्याचा कान बघून तुम्हाला माझा कान आठवत राहिला. तोंड कुणाचं आठवणार? ते तर रानात नव्हतं.

मांडवपरतणीला यांच्याबरोबर मी माहेरी जेवायला आले, तर आतल्या खोलीत पानं मांडलेली, आणि तुमचा पाट रिकामा. मावशी वाढत होती, तोंड वर करत नव्हती. आई म्हणाली, "गेले. साहेबाची तार आली. थोरला हरवला म्हणे." थोरली दारात नव्या साडीत उभी होती, अप्पा. यांनी बिचाऱ्यांनी विचारलं, कोण हरवलं? मावशीनं त्यांच्या पानात भात वाढला. मी खाली मान घालून पायसम खाल्लं. चव आठवत नाही.

पुढचं साहेबानं कळवलं, तुम्ही तापानं गेल्यावर. तिथल्या गुजराती दुकानदारांनी तुम्हाला अग्नी दिला, आणि साहेबानं कौतुकानं लिहिलं की तुम्ही थोरल्याला शोधून काढलं होतंत. नव्या नरांनी त्याला फाडला होता, भाऊ सोडून गेला होता, आणि तो मरेपर्यंत तुम्ही गाडी लावून त्याच्याजवळ बसून होतात, पाणी नाही, जेवण नाही. धन्य आहे! मावशी गेली तेव्हा तुमचं साधं कार्ड आलं नव्हतं. त्या साहेबाला वाटलं, हे वाचून आम्हाला तुमचा अभिमान वाटेल. आईनं कागद घडी करून देवापुढं ठेवला आणि चुलीकडं गेली. मी मद्रासजवळच्या आवडी गावात आमच्या क्वार्टर्समध्ये परत येताना गाडीत सगळ्यांसमोर रडले. तुम्ही गेलात म्हणून नाही. तसा कोणी शोधत यावा म्हणून आधी जनावर व्हायला हवं होतं का, म्हणून.

आता मी तुमच्याहून म्हातारी आहे. तुम्ही लग्नात दिलेले ते जड झुमके मी हट्टानं घालत राहिले, सासरच्यांना दिसावं की मला बाप आहे. गेल्या वर्षी त्यांच्या वजनानं उजवी पाळी पुन्हा चिरली, अगदी जुन्या जागी. मुलगी रोज मागं लागते, "अम्मा, दहा मिनिटांचं काम, शिवून टाक की!" मी म्हणते, चुम्मा, उगीच कशाला, या वयात कान कोण बघतंय?

हा कागद मी टपालात कुठं टाकणार आहे? नाहीच टाकणार. पण खरं कारण तुम्हाला सांगते, तिला सांगितलेलं नाही. आज ना उद्या मीही तिकडं येणार, आणि तुम्ही पुन्हा मला विचारणार, नवरी कुठंय. म्हणून कान तसाच ठेवलाय.