पुराच्या गावातून आईला

ब्लुमेनाऊ, ब्राझील
सप्टेंबर १९८४

प्रिय आई,

दुरून, पण मोठ्यानं जयभीम.

मी सुखरूप आहे. पूर ओसरला. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे खाली ठेवलेलं एक पातेलंच तेवढं वाहून गेलं. तुझे गुडघे कसे आहेत? जरीपटक्याच्या बाजारात पायी जाऊ नकोस.

हे गाव जर्मनीहून आलेल्या सतरा माणसांनी जंगल तोडून वसवलं. उतरत्या छपरांची, लाकडी चौकटींची त्यांची घरं लोक लांबून पाहायला येतात. नदी गेल्या वर्षीही घरांत शिरली होती. चिखल उपसणाऱ्या घरमालकीण एल्गाबाईंना मी विचारलं, गाव का सोडत नाही? म्हणाल्या, "नदी जाते ना रोज? मग आम्ही कशाला जायचं?" पुढच्या महिन्यात इथे नाचगाण्याचा मोठा उत्सव आहे. मीही नाचणार आहे.

दादानं तुझ्या नावानं लिहिलेलं पत्र मिळालं. "पुरात मराले गेली का वं? कापड रंगवाचं शिकणं सोड अन् दसऱ्याच्या आत ये. पाहुणे तुले पाहाले येऊन राहिले." आई, हे तुझं बोलणं नाही.

दादा, आईला वाचून दाखवताना तू इथे थांबशील. थांबू नकोस. मोठ्यानं वाच: शामला शिक्षण पुरं करूनच येईल. मग आई जे म्हणेल, तेवढंच मला लिही.

तुझी हट्टी लेक,
शामला