उपडा लोटा

बाबा, तुमाले जाऊन जमाना झाला, तरी आपलं भांडण काही माझ्या मनातून गेलं नाही. आज ते लिहूनच काढते.

तेल्हाऱ्याच्या आपल्या ओसरीवर तुमी पोट्ट्यांची शाळा भरवत होते. मी आत चुलीपाशी. एक दिवस तुमी विचारलं, "पदार्थ म्हणजे काय, सांगा रे." मलेच राहवलं नाही. आतूनच बोलली, "भाकर, वरण, ठेचा." पोट्टे हसून लोळले. तुमी दाराशी येऊन म्हणाले, "तू आपली भाकर पाह्य." मंग त्यायले सांगितलं, की जे जागा अडवते अन् ज्याले वजन असते, तो पदार्थ, घट्ट, पातळ अन् हवेसारखा, असे त्याचे तीन प्रकार. ऐकता ऐकता माझी भाकर करपली. पण मले सांगा, भाकर जागा अडवत नाही काय? तिले वजन नसते काय? माझं उत्तर चूक नव्हतं, बाबा. तेव्हाही नव्हतं अन् आजही नाही.

पुढं विलायतेले आपल्या वऱ्हाडचा कापूस पाह्यजे झाला. कापसाले सोन्याचा भाव आला अन् तुमचे पोट्टे एकेक करून पांगले, कोणी वेचणीले, कोणी कापसाची बैलबंडी घेऊन अकोल्याले. ओसरीवर एकही राह्यला नाही. तरी तुमी रोज सकाळी तिथं बसून शिकवत होते. लोक म्हणत, पंतोजीले याड लागलं. एकदा तुमी लोटा उपडा करून घंगाळातल्या पाण्यात दाबला. दाराआडून मले सगळं दिसून राह्यलं होतं. तुमी मोठ्यानं म्हणाले, "पाह्य व, पाणी आत शिरून नाही राह्यलं. लोटा रिकामा दिसते, पण आत हवा हाये. तिनं जागा अडवली." मले मात्र तुमी ओसरीवर कधी बोलावलं नाही. म्हणून मी जन्मभर सांगत आली, मले कोणी शिकवलं नाही, मी चोरून शिकली.

आता त्याच ओसरीवर मी पोरींले शिकवते. परवा गावातले चार मोठे माणसं आले. म्हणे, "बाई, ओसरी कापूस ठेवाले द्या. पोरींले काहाले पाह्यजे हे? भाकरीपुरतं आलं म्हणजे झालं." मी म्हटलं, "जागा नाही. ओसरी भरली हाये." तेव्हा पोरी अजून आल्या नव्हत्या. ते रिकाम्या ओसरीकडे पाहत राह्यले, मंग गेले. पुन्हा येतीन. येऊ द्या.

काल पोरींले लोटा दाखवला. "पाह्य व," माझ्या तोंडून निघालं अन् मी थांबलीच. पोट्ट्यांले तुमी "पाहा रे" म्हणत होते; "व" तर पोरीलेच म्हणतात. मंग त्या दिवशी ओसरीवर कोणीच नसताना "पाह्य व" कोणाले म्हटलं, बाबा?

हा कागद कुठं धाडू? चुलीतच घालीन. पण चोरून शिकली, असं मले आता म्हणवत नाही.