फाटक उघडे ठेवण्याबाबत

मी, धम्मशीला, कालकथित कडूबा सोनवणे यांची मुलगी, वय चौतीस, व्यवसाय यंत्रांच्या कंपनांची तपासणी, राहणार बेसिंगस्टोक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाविना करत आहे. माझ्या हृदयाचा स्नायू जाड होत चालला आहे. डॉक्टर "बघू या" म्हणतात. आलेख मला वाचता येतात. इंग्रजी प्रत सॉलिसिटरकडे आहे. ही मराठी प्रत आईला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नये म्हणून.

१. फ्लॅट व बचत आई राजश्री हिला. अपवाद कलम ४.

२. अवजारे व मोजमापाची यंत्रे भाऊ प्रणय याला. त्याने नेलेला आणि परत न केलेला टॉर्क पानाही आता त्याचाच.

३. मिस युलाली बॅप्टिस्ट आमच्या शेजारी, निवृत्त नर्स. कॅरिबियनमधल्या त्यांच्या बेटावरून परदेशी मॅरेथॉनला गेलेली पहिली बाई. बेटावर सगळ्यांना शंभर मीटरवाले हवे असत. यांना बूटही कोणी दिले नाहीत. त्या सर्वांत शेवटी स्टेडियमपाशी पोचल्या तेव्हा फाटक बंद झाले होते. त्यांनी फाटकाला हात लावला आणि तिथेच बसल्या. निकालात लिहिले गेले: 'अपूर्ण'.

आई त्यांना म्हणायची, "अहो, बस आहे ना, धावता कशाला?"

"बस इज ऑलवेज लेट, राजश्री. आय अ‍ॅम ओन्ली स्लो."

मला धावायला त्यांनी शिकवले. आता मला मनाई आहे.

शर्यतीतला छातीवरचा कापडी नंबर त्यांनी वारण्यापूर्वी माझ्याकडे दिला. बेटाच्या क्रीडा संघटनेला तो आता संग्रहालयात हवा आहे. प्रणय म्हणतो, "देऊन टाक ना, ऑनर आहे." द्यावा, पण आधी 'अपूर्ण' हा शब्द त्यांनी लेखी दुरुस्त करावा. पाटीवर 'सहभाग' चालणार नाही. 'शर्यत पूर्ण' असे हवे. माझ्या अंत्यविधीपर्यंत तसे न झाल्यास नंबर माझ्याबरोबर जाळावा.

४. आमच्या मंडळाच्या जयंतीच्या दौडीत मिस युलाली अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धावल्या. हॉल पाचला सोडायचा म्हणून अध्यक्ष प्रमोदकाकांनी बक्षिसे वाटून अंतिम रेषेवरचा बॅनर गुंडाळला. त्या आल्या तेव्हा आम्ही खुर्च्या रचत होतो.

"सॉरी हं मॅडम, कौन्सिलचा हॉल आहे," काका म्हणाले.

"अ‍ॅट लीस्ट देअर वॉज नो गेट."

काका हसले. त्यांना फाटकाची गोष्ट माहीत नव्हती. त्या हिवाळ्यात मिस युलाली वारल्या. मी काकांशी तेव्हापासून बोललेले नाही. हा राग मी कोणाला वारसाने देत नाही.

माझ्या बचतीतून दरवर्षी त्या हॉलचे जादा वेळेचे भाडे भरावे. अट: शेवटचा माणूस पोचेपर्यंत बॅनर उतरवायचा नाही, आणि त्याचे एक टोक प्रमोदकाकांनी स्वतः धरायचे.

५. अंत्यविधीत वंदना व्हावी, भाषणे नकोत. क्रिमेटोरियममध्ये दुप्पट वेळ घ्यावा. प्रणय एडिनबराहून ट्रेनने येईल आणि त्याला उशीर होईल. तो येईपर्यंत दार लावू नये.

आईला साक्षीदार व्हायचे होते. लाभार्थीची सही चालत नाही, हे तिला दोनदा सांगितले. ती समोर बसून आहे.

धम्मशीला सोनवणे (सही)

धम्मशीलाने ही सही आम्हा दोघींच्या देखत केली. आम्ही आमच्या सह्या तिच्या देखत केल्या.
साक्षीदार: वैजयंती कांबळे (सही), मीनल गायकवाड (सही)

बेसिंगस्टोक, ९ नोव्हेंबर २०२५