बाबांच्या धोतराचा तुकडा

वडखळ,
आश्विन वद्य पंचमी

प्रिय प्रविण,

धावीर महाराजांच्या कृपेने तू, दिपिका आणि आई सुखरूप असाल. पाकीट फोडलंस तेव्हा आत कापडाचे दोन तुकडे मिळाले असतील. ते बाजूला ठेव, पत्र संपेपर्यंत हात लावू नकोस. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "बरी हायस ना ताय" विचारतोस, मी "व्हय" म्हणते, मग आपण दोघं आईच्या गुडघ्यांवर बोलतो आणि ठेवतो. नऊ वर्षांत तू आणि हे एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत, त्या विषयावर आपली गाडी कधी येतच नाही. आज मी त्यावरच येणार आहे, म्हणून कागद घेतला.

हे श्रावणात कंपनीतून निवृत्त झाले. गणपतीच्या आधी माळा झाडायला चढले आणि पोत्यात बांधलेलं तुमचं ते यंत्र घेऊन खाली उतरले. पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा, मध्ये जोड, खाली टोपण आणि टोपणाला हवेची नळी. मला वाटलं भंगारात देतील. त्यांनी ते ओल्या फडक्याने पुसून ओट्यावर ठेवलं आणि आठ-दहा दिवस येता-जाता नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

मग मलाही सगळं आठवायला लागलं. सुट्टीच्या दिवशी तू रोह्याहून गाडीने निघून कासू स्टेशनला उतरायचास, हे स्कूटर घेऊन आधीच हजर. घोटभर चहा घेतला की दोघं धरमतरच्या खाडीवर. जिताडा मासा लागावा म्हणून हे गळाला जिवंत कोळंबी टोचायचे. ती तडफड मला बघवायची नाही, मी आत देवापाशी जाऊन बसायची. मग एकदा कुणा हौशी माणसाचा तुटलेला नकली मासा ह्यांना खडकात सापडला. शिशाचं डोकं, त्यातूनच निघालेला गळ, मागे रबराची शेपटी. त्या दिवसापासून हे फाटक्या जाळ्यांचं शिसं वितळवून तशी डोकी ओतायला लागले. जीव टोचावा लागत नाही, म्हणून मीसुद्धा माझी जुनी लोखंडी कढई त्यांना दिली. पण रंग काही टिकेना. ऑइलपेंट झाला, तुझ्या भाचीची, मृणालीची, नखं रंगवायची बाटली झाली. दोनदा खडकावर आपटलं की शिसं उघडं. तेव्हा तू म्हणालास, "भावोजी, आमच्या कारखान्यात कपाटांना रंगाची पावडर लावून भाजतात. हातोडा मारा, निघणार नाय."

कारखान्यात सांडलेली, झाडून टाकायची पावडर तू पुडीत बांधून आणलीस, एक पोपटी, एक गुलाबी. माझ्या गॅसवर डोकं पकडीत धरून तापवायचं आणि वाटीतल्या पावडरीत बुडवायचं. बाहेर निघायची ती कांदाभजी. हे म्हणाले, "हे बघून जिताडा हसंल मला." तरी ती तुम्ही बिस्किटाच्या डब्यात टांगून परसातल्या चुलीवर भाजलीत, आणि जाळ मोठा करायला उठलेला तूच होतास, हे आपण तिघांनी अजून आईला सांगितलेलं नाही. डबा उघडला तर तळाला शिशाची एकच भाकरी. किती हसलो होतो आपण.

मग तू ती युक्ती काढलीस. वाटीत पावडर दबून बसते, म्हणून गोळे होतात. तिला खालून हवा दिली की ती सुटी होऊन तरंगते, अगदी पाण्यासारखी, आणि तापलेलं डोकं त्यात नुसतं बुडवून काढलं की सगळीकडे सारखी बसते. कुठल्याशा मोठ्या कारखान्यात तू तसली टाकी पाहिली होतीस. पाइप तू कापलास, जोड तू बसवलास, माशांच्या काचपेटीला लावतात तो पंप ह्यांनी पेणहून आणला. राहिलं ते मधलं कापड. हवा वर जाऊ देईल पण पावडर खाली पडू देणार नाही असं. हे म्हणाले, "कापडाचं ताईला विचार, वस्त्रगाळ पीठ तीच करते." मला इतकं बरं वाटलं की मी ट्रंकेतून बाबांचं धोतर काढलं. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

त्या धोतराची तुला आठवण आहे ना? पालखीच्या दिवशी बाबांना ते कडक लागायचं. भाताची पेज गाळून मी त्याला खळ घालायची, दोन टोकं धरून आपण दोघं झटकायचो, आणि तू म्हणायचास, "ताय, ह्याला कोपऱ्यात उभं केलं तर बाबांच्या आधी चालत जाईल." यंत्रासाठी दिलं तेव्हाही मी ते तसंच दिलं. धुऊन, खळ घालून, इस्त्री करून. बाबांचं वस्त्र चुरगळलेलं कसं द्यायचं?

भाऊबीजेचा दिवस. पाट मांडलेला, निरांजन लावलेलं. तू म्हणालास, "एकदा चालवून बघू, मग ओवाळ." पंप सुरू झाला. पावडर हलेना. मग एका बाजूने सूं आवाज झाला आणि कडेची गुलाबी पावडर फस्सकन उडून ह्यांच्या मिशीवर आणि नव्या शर्टावर बसली. पहिली मी हसले. मी हसले नसते तर कदाचित पुढचं टळलं असतं. हे चिडून म्हणाले, "तुझ्या जोडातनं हवा जाते. कपाटं रंगवणाऱ्याला काय कळणार यातलं." आणि तू म्हणालास, "जोड नाय जात, पंप तुमचा खेळण्यातला. मीठ ओढणाऱ्यांनी यंत्रं करू नयेत." प्रविण, माझ्या सासऱ्यांचे पाय मिठागरात चिरून चिरून कसे झाले होते, ते तू पाहिलं होतंस. हे एवढंच म्हणाले, "माझ्या घरात उभा राहून माझ्या बापाला बोलू नको." तू चपला घातल्यास आणि कासूपर्यंत चालत गेलास. निरांजन मी विझवलं नाही, ते आपलं आपण शांत झालं.

त्या दिवसापासून दर भाऊबीजेला मी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. शेजारच्या इंदुबाई कुंपणावरून विचारतात, "भाऊ नाय आला गो?" मी सांगते, "शिफ्ट हाय त्याची." देवाधर्माचं करणारी मी, आणि सणाच्या दिवशी दरवर्षी हे खोटं. ह्यांनी खाडी सोडली. गळ, दोऱ्या सगळं कुणाला तरी देऊन टाकलं. पण भरतीची वेळ झाली की ओट्यावर बसल्या जागी त्यांचे पाय हलतात.

तर आता परवाची गोष्ट. ह्यांनी नवा पंप आणला, तुझा जोड तसाच ठेवला आणि मला कापड मागितलं. मी दिलं. नळी जोडली, आणि प्रविण, दूध वर येण्याआधी त्याच्या सायीला जशी थरथर येते ना, तशी सगळी पोपटी पावडर थरथरली आणि बोटभर वर आली. ह्यांनी त्यात बोट घातलं तर ते पाण्यात जावं तसं आत गेलं. पोत्यात उरलेलं एक शिशाचं डोकं तापवून एकदा बुडवलं, बाहेर आलं ते काकणासारखं गुळगुळीत. मला वाटलं खूश होतील. त्यांनी पंप बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रविणचा जोड बरोबर होता गो. मीच हलका पंप आणला होता." भाजून झाल्यावर ते पोपटी डोकं त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. "हा त्याचा," म्हणाले. अजून तिथेच आहे.

जोड बरोबर होता. पण पंपही बरोबर होता, प्रविण. तू गेलास त्याच्या पुढच्या आठवड्यात मी ते कापड बादलीत भिजवलं, तर पाणी पांढरं आणि बुळबुळीत झालं. माझ्या पेजेने धोतराचं एकूण एक छिद्र बुजलं होतं, हवा जाणार कुठून? परवा ह्यांना दिलं ते तेच कापड, पण बिनखळीचं. मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसले. त्या भाऊबीजेच्या आधीच्या पावसाळ्यात हे ओहोटीला कंबरेपर्यंत चिखलात रुतले होते. ह्यांची खाडी सुटू दे म्हणून मी देवीला नारळ बोलले होते. खाडी सुटली. मला वाटलं देवीने ऐकलं, आता सांगून कशाला उलटं करा. मग एक वर्ष गेलं, मग दुसरं, आणि सांगायला तोंड राहिलं नाही. आता हे सगळा दोष स्वतःवर घेऊन बसलेत, ते मला बघवत नाही. ह्यांना अजून बोलले नाही. तुम्ही दोघं पाटाजवळ असाल तेव्हा बोलेन, ओरडायचं तर दोघांनी मिळून ओरडा. आजपासून बाराव्या दिवशी भाऊबीज आहे. कासूला उतर. ह्यांना मी फक्त स्कूटर घेऊन जा एवढंच सांगेन. आता ते दोन तुकडे उचल. दोन्ही बाबांच्या धोतराचे आहेत. एकेक तोंडाजवळ धरून फुंकर घाल. एकातून तुझा श्वास पलीकडे जाईल. ज्यातून जाणार नाही, त्याला मी काल पूर्वीसारखीच खळ घातली आहे.

तुझीच,
रोहिणीताई