कोपराने सुटलेलं कोडं

आर्णी,
दि. १६ नोव्हेंबर

आदरणीय धम्मरत्न भाऊजी यांना धर्मपालचा सविनय जयभीम, आणि ताईला तिच्या धाकट्या भावाचा तोच, पण जरा मोठ्यानं (तिचा उजवा कान अजून तसाच आहे, असं तुमच्या रोशनकडून कळलं).

आम्ही इकडे तिघंही ठीक आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलं असताना तुम्ही टाकी पाहायला गच्चीवर जाता, हेही रोशननंच सांगितलं. वणीच्या धुळीनं खोकला वाढला असेल तर थोडे दिवस इकडे या. आर्णीतही धूळ आहे, पण ती कापसाची आणि तुरीची, जरा मवाळ असते. फोन सोडून पत्र कायले, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे की फोनवर तुम्ही माझं अर्धं वाक्य झालं की "बरं मंग" म्हणून ठेवून देता. पत्राला तसं करता येत नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे, आणि शक्यतो ताईलाही मोठ्यानं वाचून दाखवलं पाहिजे.

तुम्हाला आठवत असेल, रोशनच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत तुम्ही माझी ओळख करून दिली होती : "हा माझा साळा. एका पुस्तकावरची धूळ दुसऱ्या पुस्तकावर न्यायची, याचा यानं तीस वर्षं पगार घेतला." सगळे हसले. (आमची कांताबाईही हसली, माझी बायको असून. ती माझ्या बाजूच्याच खुर्चीवर होती.) मी राग धरला नाही. वाचनालयातल्या माणसाचं काम दिसत नाही हे मला मान्य आहे. पण गेल्या दोन महिन्यांत ते काम दिसलं, तेही पुण्यातल्या एका कंपनीला, आणि म्हणून हे पत्र.

झालं असं. मैत्रेयी घरबसल्या कंपनीचं काम करते, हे तुम्हाला माहीत आहे. काय करते ते तुम्ही विचारलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही नाही. सप्टेंबरात बसस्टँडसमोरच्या गतिरोधकावर तिची स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. सुट्टी मागितली तर जागा जाईल, म्हणून ती डाव्या हातानं टकटक करत बसायची आणि ओठ चावायची. मला पाहवेना. मी म्हणालो, तू सांग, मी दाबतो. तेव्हा कळलं की पोरगी वर्गीकरण करते! मोबाइलवर रोज शेकड्यानं खेळ निघतात. प्रत्येक खेळ पाहायचा, थोडा खेळायचा आणि तक्ता भरायचा : खेळाचा प्रकार कोणता, त्यात सोयी कोणत्या, कोणत्या वयाला चालेल. भाऊजी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी जन्मभर जे पुस्तकांचं केलं तेच माझी लेक खेळांचं करत होती आणि घरात दोघांनाही पत्ता नव्हता.

"बाबा, फक्त मी सांगते ते दाबा. डोकं लावू नका," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. पण ती औषधाच्या गुंगीत दुपारी झोपायची आणि डोकं तर माझ्याजवळच होतं. मी वाचनालयातून आणलेली जुनी कोरी कार्डं काढली, प्रत्येक खेळाचं एक कार्ड केलं आणि कामाला लागलो. गहू पेरून कापायचा खेळ आला, तो मी शेतीत टाकला आणि शेऱ्यात लिहिलं की पेरणीची खोली चुकीची दाखवली आहे. पोलिसाला चुकवत रुळांवरून पळणारा पोरगा आला, त्याला व्यायाम दिला. थडग्यातून उठणाऱ्या मुडद्यांना गोळ्या घालायच्या होत्या. त्याचा खूप विचार केला आणि शेवटी आरोग्यात टाकला, कारण गोष्टीत रोगाची साथ होती. ट्रक चालवायच्या खेळाला मी 'व्यवसाय मार्गदर्शन' म्हटलं. (वणीच्या रस्त्यावर तो खेळ शिकलेले चालक बरेच दिसतात.) आठवड्याच्या शेवटी कंपनीचं पत्र आलं : कामाची अचूकता शंभरात चोपन्न, ऐंशीच्या खाली राहिल्यास काम थांबवण्यात येईल. मैत्रेयी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. कांताबाईनं मात्र दोघींच्या वाट्याचं बोलून घेतलं.

त्यानंतर मी विद्यार्थी झालो. मैत्रेयीनं मला आठ दिवस शिकवलं, आणि शिकवताना ती माझ्या आईसारखी दिसते हे मला पहिल्यांदाच जाणवलं. तिचं सांगणं एवढंच : "खेळात चित्र कशाचं आहे ते पाहू नका बाबा. खेळणाऱ्याचा हात आणि डोकं काय करून राह्यले, ते पाहा." गहू असो की कोळसा, तुम्ही जमवाजमव करून काहीतरी उभारत असाल तर ते 'सिम्युलेशन'. पळत-उड्या मारत असाल तर 'ॲक्शन'. विचार करून जुळवत असाल तर 'पझल', म्हणजे कोडं. मला पटलं. वाचनालयातही मुखपृष्ठावर नाग असलेलं पुस्तक कधी धर्माचं निघतं, कधी सर्पदंशाच्या उपचारांचं. ऑक्टोबरात माझी अचूकता एक्क्याण्णव झाली. मैत्रेयीची स्वतःची अठ्ठ्याऐंशी होती. (हे ताईला दोनदा वाचून दाखवावं.)

आणि मग आली 'आमराई राणी'. बनवणाऱ्यांनी स्वतःच तिच्यावर लिहून पाठवलं होतं : प्रकार पझल, वय चार वर्षं व पुढे. पडद्यावर आंबे, पेरू, संत्री, सीताफळं पाच उभ्या रांगांत मांडलेली, बाजूला डोक्यावर टोपली घेतलेली एक हसरी मुलगी आणि खाली एकच बटण : 'झाड हलवा'. दाबलं की फळं गरगर फिरतात आणि एकेक रांग थांबते. मी तासभर झाड हलवलं. सुरुवातीला वाटलं, नियम समजायला वेळ लागतोय. मग लक्षात आलं की समजण्यासारखा नियमच नाही.

भाऊजी, तुम्ही खाणीत मोठमोठी यंत्रं खोलून बसवलेली, म्हणून तुम्हाला यंत्रच सांगतो. परदेशातल्या जुगारघरांत एक उभं यंत्र असतं, त्याला स्लॉट मशीन म्हणतात. पोटात तीन चाकं, चाकांवर फळांची चित्रं, बाजूला दांडा. नाणं टाकून दांडा ओढला की चाकं फिरतात. तिन्ही फळं सारखी आली तर नाणी पडतात, नाहीतर तुमचं नाणं यंत्राचं. मोबाइलमध्ये ना चाक, ना दांडा. बटण दाबल्याबरोबर आतल्या आत आकडा निघून निकाल लागलेला असतो. फळं फिरतात ती नुसती आपल्याला दाखवायला. त्यात एक पोपट असतो, तो 'वाइल्ड'. तो कोणत्याही फळाच्या जागी चालतो. लग्नात वरपक्षात वधूचा आणि वधूपक्षात वराचा मामा होऊन दोनदा जेवून जाणारा पाहुणा असतो ना, तसा. टोपली म्हणजे 'स्कॅटर', तिला रांगेशी देणंघेणं नाही, कुठेही तीन टोपल्या दिसल्या की दहा फेऱ्या फुकट. जिंकायच्या रेघा वीस, सरळ, तिरप्या, नागमोडी, त्यामुळे कोणत्या रेघेवर जिंकलो हे यंत्रानं सांगितल्याशिवाय कळत नाही. वीस नाणी लावून आठ परत आली तरी ढोल वाजतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दोन सीताफळं थांबतात, तिसरं हळूहळू खाली येतं, तोंड दाखवतं आणि एक घर पुढे निघून जातं. अंगावर काटा येतो. वाटतं, थोडक्यात हुकलं! हुकलेलं काहीच नसतं, पण बोट पुन्हा बटणावर जातं. माझं गेलं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाचं गेलं, तर चार वर्षांच्या लेकराचं काय?

मी हे कांताबाईला समजावत होतो. ती खाली मेथी निवडत बसली होती, दोन्ही हात मातीचे. मी फोन तिच्यासमोर धरून म्हणालो, हे कोडं आहे का ते तूच पाहा. तिनं पाहिलंच नाही. "मले कायले दाखवता? माह्ये हात भरले," असं म्हणत तिनं फोन कोपरानं बाजूला सारला. कोपर बटणावर पडलं. झाड हललं, पाचही रांगांत सीताफळं आली, पडद्यावर फटाके फुटले आणि मोठ्या अक्षरांत आलं : 'शाब्बास! तुमच्या बुद्धीला सलाम!' कांताबाई एकदा पडद्याकडे आणि एकदा कोपराकडे पाहत राहिली. "काहून बाप्पा," ती म्हणाली, "याले अक्कल लागते का कोपर लागते?"

भाऊजी, तीस वर्षांत एवढं नेमकं वाक्य मी कोणत्या ग्रंथात वाचलं नाही.

मी 'पझल' खोडून 'कॅसिनो, स्लॉट' लिहिलं. वरून कंपनीनं ते पुन्हा 'पझल' केलं आणि माझी चूक धरली. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा बदललं, कारण दिलं की नाणी खोटी आहेत, पैसे बाहेर येत नाहीत, म्हणून हा जुगार नव्हे. (नाणी संपली की दुकान उघडतं आणि तिथे खरे पैसे चालतात. आत जायला दार आहे, बाहेर यायला नाही, एवढाच फरक.) तिसऱ्यांदा लिहिणार तेव्हा मैत्रेयीनं माझा हात धरला. "बाबा, लिहा न पझल. अजून एक चूक धरली तर माह्यं काम जाते." मी फोन खाली ठेवला. माझं काय, मी निवृत्त माणूस, तत्त्वाला चिकटून बसलो तर माझं काही जात नाही. नोकरी तिची होती. मी म्हणालो, तू म्हणशील ते. आणि खरोखर तसंच म्हणालो, मनात काही न ठेवता.

तिनं फोन उचलला. मग डोळे मिटून डाव्या हातानं झाड हलवत राहिली, पन्नास वेळा, शंभर वेळा. दर थोड्या वेळानं ते यंत्र तिच्या बुद्धीला सलाम करत होतं. शेवटी डोळे उघडून म्हणाली, "माह्या मिटल्या डोळ्याले हुशार म्हणून राह्यलं हे. पाठवा बाबा. स्लॉटच लिहा. आणि खाली माह्यं नाव टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याहून तिच्या वरिष्ठ वर्षा मॅडमचा फोन. अगदी शुद्ध, इस्त्री केलेली मराठी. "आपण नियमांचं वारंवार उल्लंघन करत आहात." मैत्रेयीनं सगळं सांगून टाकलं : हात मोडल्याचं, काम वडील करतात त्याचं, ते ग्रंथपाल होते त्याचं. मग फोन माझ्याकडे आला. मी म्हणालो, मॅडम, वाद नको. आपण खेळ उघडा, डोळे मिटा आणि कोपरानं दाबत राहा. "कोपरानं?" म्हणाल्या. मी म्हणालो, हो, आमच्या घरी तसंच सुटलं. त्यांनी फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मी आणि मैत्रेयी एकमेकांकडे पाहत बसलो. चार-पाच मिनिटांनी पलीकडून ढोल, फटाके आणि त्यावर एक किंचाळी : "अवं माय! हे तं काईच्या काई आहे!" मॅडम निघाल्या आपल्या दिग्रसकडच्या तांड्यावरच्या. त्यानंतर पंधरा मिनिटं शुद्ध मराठी कोणीच बोललं नाही.

आता निकाल ऐका. 'आमराई राणी' स्लॉटमध्ये गेली आणि वय अठरा व पुढे झालं. कोडं म्हणून आलेले तसलेच आणखी सदतीस खेळ वर्षा मॅडमनी मागे ओढून मैत्रेयीकडे तपासायला दिले. आणि कंपनीच्या नियमपुस्तकात चौदावा नियम नवीन आला, त्याचं नावच 'कोपर चाचणी' : न पाहता कोपरानं दाबूनही जो खेळ तितकाच जिंकता येतो, तो कोडं म्हणून नोंदवू नये. मी ते पान छापून कपाटाच्या दारावर लावला आहे. त्यात माझं नाव नाही. कोपर तर कांताबाईचं, हे ती मला दिवसातून तीनदा ऐकवते, आणि गल्लीत कोणी आलं की बाही वर करून दाखवते. मैत्रेयीचं प्लास्टर निघालं आहे. तिच्या हाताखाली आता चार पोरं दिली आहेत, आणि त्यांना शिकवताना ती म्हणते, "चित्र पाहू नका, हात पाहा." मी शेजारच्या खोलीतून ऐकतो. छाती फुगते ती दाराच्या चौकटीत मावत नाही, भाऊजी.

तेव्हा पुढच्या लग्नाच्या पंगतीत ओळख करून देताना कृपया एवढं लक्षात ठेवावं. गुडघ्याला जपा, गच्चीवर जाऊ नका. ताईला आणि रोशनच्या घरच्यांना आम्हा तिघांचा जयभीम.

आपला,
धर्मपाल

ता. क. : वर लिहायचं राहिलं. ही बातमी आमच्या वाचनालयाच्या समितीपर्यंत गेली आणि त्यांनी येत्या रविवारी सगळ्या पुस्तकांची मोजणी करायला मला सन्मानानं बोलावलं आहे. तर तुम्ही मोटार वाइंडिंगवरचं ते हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक नेलं होतं, "आठ दिवसांत आणतो" म्हणून, ते कृपया शनिवारच्या आत रोशनच्या हाती पाठवावं. सतरा वर्षं झाली. पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा : हे ताईला वाचून दाखवू नये. निवृत्त होईपर्यंत दरवर्षीच्या मोजणीत त्या पुस्तकापुढे मी माझ्या हातानं 'बांधणीस दिले' असं लिहीत आलो. बारा वेळा. वर्गीकरण चुकीचं आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं.